उद्यानविद्येचे शिक्षण आणि भूमिहीनांची मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



 दोन शब्द म्हणून वक्ता तासभर बोलतो हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. मी तेवढा वेळ घेणार नाही.

समितीने मला 'बारावीनंतर पुढे काय?' या विषयावर बोलायला सांगितले आहे. आपल्या भागात या प्रश्नाचे उत्तर तयारच असते. पोरगं अकरावीला गेलं की घर ठरवतं, लातूरला ठेवायचं अन् डॉक्टर करायचं. मग भाड्याची खोली, मेस, क्लास. बाप उसनवारी करतो, माय पोरासोबत शहरात राहून दुसऱ्यांचे डबे करते. लातूर पॅटर्नने अनेक घरांत डॉक्टर-इंजिनिअर दिले, त्यांत आपलीही घरे आहेत, याचा आनंदच आहे. पण ज्यांचा नंबर लागला त्यांच्यापेक्षा ज्यांचा लागला नाही ती मुले कितीतरी जास्त आहेत. त्यांना मग कोणीतरी सांगतो, "राहू दे, अॅग्रीला टाक." जणू ते उरलेल्यांचे शिक्षण! आज मला त्याच शिक्षणातल्या एका शाखेविषयी बोलायचे आहे. ती शाखा म्हणजे उद्यानविद्या.

हा विषय मी सुचवला तेव्हा समितीतल्याच एका ज्येष्ठ काकांनी मला विचारले, "आपल्याला गुंठाभर जमीन नाही. लेकरू बागेचं शिकून करील काय? लोकाच्या बागेत सालगडी राहील?" प्रश्न खोचक आहे, पण खोटा नाही. माझे आजचे सगळे भाषण हे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा.

प्रथम हे शिक्षण कुठे मिळते ते सांगतो. महाराष्ट्रात सरकारची चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरी, अकोला, दापोली आणि आपले परभणी. परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले आणि २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. याच विद्यापीठाचे उद्यानविद्या महाविद्यालय परभणीला १९८४ साली सुरू झाले. लातूरला विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय आहे, कृषी जैवतंत्रज्ञानाचे महाविद्यालय आहे. नांदेडला केळी संशोधन केंद्र आहे, अंबाजोगाईला सीताफळाचे, बदनापूरला मोसंबीचे. म्हणजे आपल्या दारासमोरून रोज ज्या बागा दिसतात, त्यांचाच अभ्यास करणाऱ्या संस्था आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. आपल्यातले किती जण कधी त्यांच्या फाटकातून आत गेले? मजूर म्हणून गेले असतील. विद्यार्थी म्हणून किती गेले, हे ज्याने त्याने आपल्या वस्तीत मोजून पाहावे.

पदवी चार वर्षांची, आठ सत्रांची असते. प्रवेश बारावी विज्ञाननंतर, राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून. फळे, भाजीपाला, फुले, मसाल्याची पिके, आणि काढणीनंतर माल टिकवायचा कसा, हे सगळे शिकवतात. माती, पाणी, कीड, रोग, बाजार हेही विषय असतात. चौथ्या वर्षी विद्यार्थ्याला गावात जाऊन शेतकऱ्यांसोबत काम करावे लागते. म्हणजे केवळ वर्गात बसून पास होता येत नाही, हात मळवावे लागतात. आपल्या मुलांना यात नवे काय आहे?

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो.

फळबाग आणि आपण, यांचे नाते जुने आहे. पण ते कसल्या रीतीने जुळले ते पाहा. १९९० साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली. शंभर टक्के अनुदान होते. योजना चांगली होती, त्यातून मराठवाड्याच्या माळरानावर आंबा, बोर, सीताफळ, मोसंबी उभी राहिली. पण अनुदान कुणाला? ज्याच्या नावावर सातबारा त्याला. खड्डे खणायला, माती-खत भरायला, उन्हाळ्यात डोक्यावर घागर घेऊन झाडाला पाणी घालायला भूमिहीन माणसे होती. त्यांना रोज मिळाला. पाच वर्षांनी फळ आले ते बागायतदाराला. यात बागायतदाराची चूक नाही, ज्याची जमीन त्याची बाग हा हिशेबच तसा आहे. परंतु ज्याने खड्डा खणला त्याच्याकडे रोजाशिवाय काहीच उरले नाही, हेही खरे आहे.

काहीच उरले नाही म्हणतो, तेही पूर्ण खरे नाही. एक गोष्ट उरली, ती म्हणजे हातातले ज्ञान. हा मुद्दा मला जरा सविस्तर सांगायचा आहे.

माझी आई अर्धापूरच्या बाजूला केळीच्या बागांत रोजाने जायची. ईसापूर धरणाचे कालव्याचे पाणी आले तशी तिकडे केळी वाढली. केळीला बी नसते. आपण खातो त्या केळीत जे बारीक काळे ठिपके दिसतात ते न वाढलेले बी. म्हणून केळी लावायची ती बुंध्याशी फुटलेल्या मुनव्यांपासून. मुनवे दोन तऱ्हेचे असतात. एकाची पाने तलवारीच्या पात्यासारखी अरुंद, दुसऱ्याची रुंद. रुंद पानाचा मुनवा दिसायला देखणा असतो. नवखा माणूस तोच उचलतो. माझी आई म्हणायची, "देखणा घेऊ नको, तलवारीचा घे. देखण्याचा घड हलका पडतो."

पुढे मी उद्यानविद्या शिकायला गेलो. तिथे सरांनी फळ्यावर इंग्रजीत दोन शब्द लिहिले, त्यांचा अर्थ तलवारी मुनवा आणि पाणमुनवा असा. मग कारण सांगितले. अरुंद पानाच्या मुनव्याचा कंद मोठा असतो, त्यात अन्नाचा साठा असतो, तो मातृझाडाशी खोल जोडलेला असतो. रुंद पानाच्या मुनव्याचा कंद लहान, म्हणून तो लवकर पाने पसरून स्वतःचे अन्न स्वतः करू पाहतो, आणि पुढे घड कमी वजनाचा देतो. लावायला साधारण अर्धा ते पाऊण किलो वजनाचा कंद निवडावा. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की अर्धा धडा मला घरीच शिकवून झाला होता. 'काय' ते आईला माहीत होते. 'का' ते पुस्तकात होते. आईच्या ज्ञानाला रोजाचा भाव होता. तेच ज्ञान 'का' सह ज्याच्याकडे आहे, त्याला लोक गाडी पाठवून सल्ल्याला बोलावतात.

मित्रांनो, शिक्षण म्हणजे काय तर हा 'का'. तो का महत्त्वाचा, याचे केळीतलेच उदाहरण देतो. मुनव्यापासून वाढलेली बाग म्हणजे एकाच झाडाच्या हजारो नकला. सगळ्यांचे गुण सारखे आणि दुबळेपणाही सारखा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात 'ग्रो मिशेल' नावाची केळी होती. मातीतल्या एका बुरशीच्या मर रोगाने मध्य अमेरिकेतले तिचे मळेच्या मळे बसवले. तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातली केळी आली. आपली बसराई, अर्धापुरी, आणि आता सगळीकडे दिसणारी ग्रँड नैन ही त्याच गटातली. आता त्या बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही धरतो, आणि तो भारतातही पोचला आहे. रोग मुनव्याच्या मातीबरोबर गावोगाव जातो. म्हणून प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने केलेली निरोगी रोपे लागतात, ती सावलीच्या जाळीत कणखर करावी लागतात, नंतरच शेतात लावता येतात. या प्रत्येक टप्प्यावर शिकलेला माणूस हवा. त्या माणसाची स्वतःची जमीन आहे की नाही, हे तिथे कोणी विचारत नाही.

येथे मला बाबासाहेबांच्या एका लेखाची आठवण करून द्यावीशी वाटते. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांच्या प्रश्नावर अर्थशास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी सगळे म्हणत होते, शेताचे तुकडे लहान झाले म्हणून शेती तोट्यात. बाबासाहेबांनी वेगळी मांडणी केली. शेत लहान की मोठे हे नुसत्या आकारावरून ठरत नाही, त्या जमिनीबरोबर भांडवल, अवजारे, श्रम किती प्रमाणात जोडले आहेत यावर ते ठरते, असे त्यांचे म्हणणे. आणि शेतीवर जी माणसे जास्तीची लादली गेली आहेत त्यांना उद्योगाकडे वळवले पाहिजे, हा त्यांचा उपाय होता. तेव्हा बाबासाहेबांनी सगळ्यांनी शेतीच करा असे सांगितले, असा अर्थ मी काढणार नाही. मी एवढेच म्हणतो की उद्यानविद्या हे शेतीतले असे अंग आहे की जिथे थोड्या जमिनीला पुष्कळ कौशल्य जोडता येते, आणि जिथे शेताच्या बांधाला लागूनच उद्योग सुरू होतो. रोपवाटिका हा उद्योग आहे. चिंचेचा गर काढून बांधणे हा उद्योग आहे. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करणे हा उद्योग आहे.

रोपवाटिकेचा हिशेब मांडून दाखवतो. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. निम्मी जागा वाटा आणि पाण्यासाठी सोडा, ५० चौरस मीटर उरली. दहा सेंटिमीटर जागा घेणारी पिशवी धरली तर एका चौरस मीटरात शंभर बसतात. म्हणजे एका गुंठ्यात पाच हजार रोपे. एवढी जागा भाड्यानेही मिळते. भांडवल लागते ते पाणी, सावलीची जाळी, चांगले मातृवृक्ष आणि कलम बांधणारा हात.

आणि कलम म्हणजे तरी काय? सीताफळाचे मृदुकाष्ठ कलम घ्या. ज्या झाडाचे फळ चांगले त्याची पेन्सिलीएवढी फांदी निवडायची. आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून कापायची, म्हणजे डोळे फुगतात. खुंटरोपाचा शेंडा छाटून मधोमध दीड-दोन इंच उभा काप घ्यायचा. फांदीला पाचरीसारखा आकार देऊन ती कापात बसवायची. साल आणि लाकूड यांच्या मधला हिरवट थर एकमेकांना भिडला पाहिजे, सगळी गंमत तिथे आहे. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून वर पिशवीची टोपी घालायची. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. चाकू स्वच्छ नसला, हात थरथरला, उशीर होऊन काप वाळला, की कलम मेले. ज्यांच्या आयाबहिणींनी आयुष्यभर विळा-खुरप्याचे बारीक काम केले त्यांच्या मुलामुलींना ही हातोटी लवकर येते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मुलींना तर अधिकच.

पण येथे एक इशाराही देतो. फळरोपवाटिकेला परवाना लागतो, त्यासाठी महाराष्ट्रात १९६९ सालचा कायदा आहे. तो का केला असेल? कारण रोपातली फसवणूक लगेच कळत नाही. शेतकरी केसर म्हणून आंबा नेतो, पाच वर्षे वाढवतो, आणि फळ आल्यावर समजते की हा केसर नव्हेच. पैसे परत देता येतील, पाच वर्षे कुठून देणार? धम्मातल्या सम्यक आजीविकेचा अर्थ मला विचाराल तर रोपवाटिकेत तो असा आहे, लेबलवर जे लिहिले तेच पिशवीत असावे.

आता पाण्याचे. लातूरने २०१६ चा उन्हाळा पाहिला आहे. मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा जिल्ह्यात बाग कसली, असे कोणी म्हणेल. उद्यानविद्येत पहिल्यांदा हेच शिकवतात की पाणी पाहून झाड निवडा. केळीला बारा महिने पाणी, चिंच आणि सीताफळ एकदा मुळे धरली की पावसावर तगतात. लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नांदेडशेजारच्या वसमतच्या हळदीलाही त्याच वर्षी मिळाले. चिंचेची 'प्रतिष्ठान' ही जात आपल्याच कृषी विद्यापीठाने दिलेली. बियाची चिंच फळायला आठ-दहा वर्षे घेते, कलमाची निम्म्या काळात येते. कोरडवाहू भागाला दुबळे म्हणून सोडून द्यायचे, की त्यात काय फळते ते शिकायचे, हा प्रश्न आहे.

जमिनीचा प्रश्न मात्र मी टाळणार नाही. शिक्षण घेतले म्हणजे जमिनीची गरज संपली, असे म्हणणे लबाडी होईल. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, त्यात मराठवाड्याची माणसे तुरुंगात गेली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ साली झाला, तरी अनेकांची नावे अजून सातबाऱ्यावर चढलेली नाहीत. २००४ पासून दादासाहेबांच्या नावाची योजना आहे. तीत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे, आणि २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. अडचण अशी की ठरलेल्या दरात जमीन विकायला कोणी सहजासहजी तयार होत नाही. हा लढा चालू राहिला पाहिजे. परंतु ज्याला उद्या ती दोन एकर मिळेल, त्याने तीत काय लावायचे? पाच बाय पाच मीटरवर सीताफळ लावले तर दोन एकरांत सव्वातीनशेच्या आसपास झाडे बसतात. कोणती जात, कोणता खुंट, कोणता बहार धरायचा, छाटणी कधी, हे माहीत नसेल तर मिळालेली जमीन पुन्हा बटईने दुसऱ्याकडे जाईल. जमीन मिळवायला चळवळ लागते. ती राखायला विद्या लागते.

नोकरीचेही सांगतो, नाहीतर पालक नाराज होतील. या पदवीवर कृषी खात्यातल्या जागा आहेत, बँकांत कृषी अधिकारी होता येते, राज्यसेवेच्या परीक्षा देता येतात, पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन आहे. पण माझी मुलांना कळकळीची विनंती आहे. चार वर्षे परीक्षेची पुस्तके वाचत आणि बागेकडे पाठ फिरवून काढू नका. जागा थोड्या, उमेदवार फार. नंबर लागला तर उत्तमच. नाही लागला तर हातात कलमाचा चाकू चालवता येणे आणि झाडाचा रोग ओळखता येणे, हेच तुम्हाला घरी रिकाम्या हाताने परतू देणार नाही.

आता काही व्यावहारिक गोष्टी.

एक, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढायला घ्या. गुण असून कागदासाठी जागा गेलेली मुले मी पाहिली आहेत.

दोन, कृषी प्रवेशात सातबाऱ्याला गुणांचा अधिभार देण्याची पद्धत आहे. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याने भूमिहीन शेतमजुराच्या दाखल्याविषयी त्या वर्षीची माहितीपुस्तिका ओळन् ओळ वाचावी.

तीन, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना सुरू झाली. ती आपल्या हक्काची आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करा.

चार, शिक्षण इंग्रजीत आहे म्हणून घाबरू नका. एक वही करा. डाव्या बाजूला पुस्तकातला शब्द, उजव्या बाजूला आपल्या गावचा शब्द. मुनवा, वाफसा, बहार, ताण, गुटी, खुंट. पहिल्या सत्राच्या शेवटी तुमच्या लक्षात येईल की उजवी बाजू तुमची आधीच भरलेली आहे, आणि वर्गातल्या अनेकांची ती कोरी आहे.

आपल्या परंपरेतले एक उदाहरण सांगतो. जीवक तक्षशिलेला वैद्यक शिकायला गेला. सात वर्षांनी आचार्यांनी त्याला सांगितले, चारी दिशांना एक योजन फिर आणि औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक फिरून आला आणि म्हणाला, अशी एकही सापडली नाही. आचार्य म्हणाले, तुझे शिक्षण झाले. ही कथा विनयपिटकात आहे. याच जीवकाने पुढे आपले आंब्याचे वन संघाला दान दिले. संघाराम या शब्दातला 'आराम' म्हणजे बागच. झाडाकडे शिकलेल्या डोळ्यांनी पाहणे आपल्याला परके नाही.

शेवटी विहार समितीला माझी नम्र सूचना आहे. दरवर्षी मे महिन्यात, बारावीच्या निकालाच्या सुमारास, याच सभागृहात दोन दिवस प्रवेशाचे कागद तपासून देणारे मार्गदर्शन केंद्र चालवावे. पावसाळ्यात एक दिवस मुलामुलींना आणि बागेत रोजाने जाणाऱ्या मायबहिणींना सोबत घेऊन नांदेडच्या केळी संशोधन केंद्राची, लातूरकरांनी अंबाजोगाईच्या सीताफळ केंद्राची भेट घ्यावी. त्या दिवशी मजूर म्हणून नव्हे, शिकणारे म्हणून फाटकातून आत जावे. विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन गुंठे आहेत. तिथे कलमे बांधायला शिकवायचे काम मी स्वतः विनामूल्य करीन, फक्त पाण्याची सोय समितीने करावी. पुढच्या वर्धापनदिनाला पाहुण्यांना शाल-श्रीफळाऐवजी आपल्याच मुलींनी बांधलेले सीताफळाचे कलम देऊ या.

काकांना माझे उत्तर असे आहे. लेकरू सालगडी राहू नये म्हणूनच त्याला बागेचे शिकवायचे.